तीन वेळा पनिना

मला बेसिक येतं! हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे काही रामायण घडलं त्यात माझ्या ज्ञानाचा दोष नव्हता हे तुमच्या ध्यानात राहील.

ठाण्याहून आम्ही सत्तर साली इथे इस्राएलला आलो आणि लोदच्या विमानतळाजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर्समध्ये चिकटलो. तिथे कपाटाएवढा एक कॉम्प्युटर होता. इंजिनिअर मंडळी त्याच्याशी ज्या भाषांत बोलत, त्या ऐकूनच मला घाम फुटायचा. पण एक दिवस साहेब म्हणाले, "सोपी भाषाही आहे, बेसिक. कोण शिकणार?" मी हात वर केला! चौसष्ट साली अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी ही भाषा मुद्दाम ज्यांना गणिताशी देणंघेणं नाही अशा विद्यार्थ्यांसाठी काढली होती. म्हणजे जवळजवळ माझ्यासाठीच! प्रिंट म्हटलं की छापतं, गो टू म्हटलं की जातं. घरात मी जन्मभर हुकूम सोडत आलोय, पण म्हटल्याबरोबर कोणी कुठे गेल्याचं आठवत नाही.

तर चौऱ्याऐंशी साली मी स्वतःचा कॉम्प्युटर घरी आणला. पावाच्या डब्याएवढा, साधारण त्याच रंगाचा, टीव्हीला जोडायचा. पनिनानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवून त्याला जागा करून दिली.

"हे काय करतं?" तिनं विचारलं.

"मी सांगीन ते!"

"मग मीठ कुठे ठेवलंय ते यापुढे त्यालाच विचारा. मला दर वेळी हाका मारू नका."

त्याच आठवड्यात आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, मंडळाची सभा भरली. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करायचा, आणि त्यानंतर सोडत! एका ट्रॅव्हल एजंटानं मंडळाला मुंबईचं जाण्यायेण्याचं तिकीट भेट दिलं होतं. पहिलं बक्षीस तिकीट, दुसरं प्रेशर कुकर. प्रत्येक घरातून एक नाव. आमच्या घरातून अर्थात पनिनाचं, कारण तिची थोरली बहीण एलिझाबेथ ठाण्यातच राहिली होती. आम्ही इथे आल्यापासून दोघींची गाठ नव्हती. हल्ली एलिझाबेथचे डोळे अधू होत चालले होते, आणि मागच्या पत्रात तिनं दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलं होतं, 'दिसतंय तोवर ये.' ते पत्र आल्यापासून पनिना घरात एका जागी म्हणून बसत नव्हती. पुसलेलंच पुन्हा पुसायची.

सभेत वाद पेटला तो चिठ्ठ्यांवरून. मागल्या वर्षी मलिद्याचे पोहे-गूळ कालवलेल्या हातानं सेक्रेटरी हिलेल पेझारकरनं चिठ्ठी काढली आणि ती बोटाला चिकटूनच वर आली! ती निघाली नेमकी त्याच्याच मेहुण्याची. वर्षभर हिलेल जिथे जाईल तिथे लोक त्याच्या बोटांकडे बघत.

मी उभा राहिलो. "चिठ्ठ्या कशाला? कॉम्प्युटर काढील की नाव! त्याला मामा नाही, मेहुणा नाही, गुळाचा हात नाही!"

टाळ्या पडल्या. हिलेलनं मात्र माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या खुर्चीखाली फटाका लावलाय.

घरी येऊन कारखान्यातला सोडतीचा जुना प्रोग्राम मी या डब्यात घालायला बसलो. घातली पहिली ओळ. यंत्र म्हणतं, 'सिंटॅक्स एरर.' म्हणजे, तुझं बोलणं मला कळत नाही! मला? मी तर त्याच्या आईची भाषा बोलत होतो! मग हळूहळू उलगडा झाला. बेसिक म्हणजे आपला रोश हशानाचा, नववर्षाचा, गव्हाच्या चिकाचा हलवा आहे हो! नाव एक, पण अलिबागकडचा वेगळा, पेणचा वेगळा, आणि जो तो म्हणणार आमचाच खरा. ज्या कंपनीनं यंत्र काढलं तिनं आपल्या चुलीवर आपल्या अंदाजानं शिजवलेला. कारखान्यात चालणारे शब्द इथे चालेनात.

आमची मुलगी सारित, सैन्यातून रजेवर आलेली, कोचावर पाय टाकून बघत होती. इथे आलो तेव्हा चार-पाच वर्षांची, वाढली इथेच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिब्रूत. "अबा, तिक्रा एत हा-सेफर!" म्हणजे, बाबा, पुस्तक वाचा. यंत्राबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, पनिना त्याच्यावर गरम पातेलं ठेवायची.

"पुस्तक नवशिक्यांना!" मी म्हटलं आणि माझी स्वतःची युक्ती लढवली. यंत्र ज्या ओळीला अडेल ती ओळ पुसायची. झालं! पडदा कोरा करायची ओळ अडली, पुसली. 'रँडमाइझ' अशी एक ओळ होती, अडली, पुसली. शेवटी प्रोग्राम असा धावला की मी स्वतःची पाठ थोपटली. पडद्यावर आलं:

पहिलं बक्षीस पनिना. दुसरं बक्षीस हाइम.

मागे पनिनाच्या हातातून डाव पडल्याचा आवाज आला.

"अहो! माझं नाव!"

"अगं, ही नुसती ट्रायल आहे!"

"ट्रायलमध्ये आलं ना? म्हणजे यायला लागलंय!" आणि तिनं तिथल्या तिथे एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोलला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बॅग उतरली. तिसऱ्या दिवशी तिच्यात खजूर गेले. मी जीव तोडून सांगत होतो की इतकी घरं आहेत, नाव दुसऱ्या कोणाचंही येईल. ती खजुरांशेजारी साबण रचत होती.

मी प्रोग्राम कॅसेटवर उतरवून घेतला, यंत्र बंद केलं आणि कॅसेट खिशात टाकली. दुसऱ्यांदा ट्रायल घेतली नाही. तिचा चेहरा पाहून धीरच झाला नाही.

तू बिश्वातला हॉल गच्च भरला. मलिदा झाला, फळं वाटली गेली. गारठा असा की हिलेलनं दोन हीटर लावले होते, शिवाय चहाचं विजेचं भांडं. टेबलावर आमचा टीव्ही आणि डबा. मी कॅसेट लावली, छाती काढून बटण दाबलं.

पहिलं बक्षीस पनिना. दुसरं बक्षीस हाइम.

पनिनानं तोंडावर पदर धरला. हाइम, हा आमच्या खालच्या मजल्यावरचा, उडी मारून पुढे आला आणि त्यानं कुकर काखोटीला मारला. टाळ्या सुरू होणार, एवढ्यात फट्! फ्यूज उडाला. हॉलमध्ये काळोख.

काळोखात हिलेलचा आवाज घुमला, "रिझल्ट वहीत चढला नव्हता! पुन्हा!"

"मी कुकर सोडणार नाही!" हाइमचा आवाज आला.

फ्यूज बसला. एक हीटर काढला. वीज गेल्यानं यंत्राच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, म्हणून पुन्हा कॅसेट. ती संपेपर्यंत लोकांनी उरलेला मलिदा संपवला. दाबलं बटण.

पनिना. हाइम.

आता मात्र हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. हिलेल माझ्या अगदी नाकाशी येऊन उभा राहिला. "मेइर किहीमकर, यंत्र तुझं, कॅसेट तुझी, बायको पण तुझीच. वा रे फेअर!"

"हिलेलभाऊ, तोंड सांभाळा! तुम्हीच करा तुमच्या हातानं! बंद करा, चालू करा, मी हात मागे बांधून भिंतीपाशी उभा राहतो!"

आणि खरंच राहिलो. हिलेलनं हात स्वच्छ धुतले, सगळ्यांना दाखवले, यंत्र बंद केलं, चालू केलं, कॅसेट लावली, एका बोटानं बटण दाबलं.

पनिना! हाइम!

पुरुषांच्या बाजूनं "चोरी! चोरी!" झालं. आणि त्याच वेळी बायकांच्या बाजूनं बत्यामावशी उठल्या. लोदमधल्या आमच्या लोकांत सगळ्यांत वडील. गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत.

"गप बसा रे! चोरी कसली? त्या हिलेलच्या हातून तरी पनिनाचं भलं होईल का? एलियाहू हनाबीनं तीन वेळा नाव घेतलं पोरीचं! तीन वेळा! त्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याला आहेत, तिथे बोलावतोय तिला!"

"हनाबीची मर्जी!" हाइम ओरडला. "कुकरचीसुद्धा!"

बायका पुढे सरसावल्या. कोणी यंत्रापुढे नारळ ठेवला, कोणी डोक्यावरून हात फिरवला. टीव्हीच्या नव्हे, डब्याच्या! आणि मी भिंतीपाशी उभा, अजून हात मागे. मला समजलं होतं.

रँडमाइझ! ती पुसलेली ओळ म्हणजे 'चिठ्ठ्या ढवळ' असा हुकूम होता. कारखान्याच्या बेसिकमध्ये तो शब्द होता, या बेसिकमध्ये ढवळायची रीत निराळी. मी हुकूमच उडवला, म्हणून हे यंत्र वीज आली की दर वेळी न ढवळलेल्या डब्यातून सगळ्यांत वरची चिठ्ठी काढत होतं. ती पनिनाची होती. खालची हाइमची. जगबुडी झाली तरी त्याच निघाल्या असत्या!

आता गप्प राहावं तर तिकीट घरात. बत्यामावशींपुढे हिलेलची काय टाप होती? बोलावं तर बायकोची बॅग पुन्हा माळ्यावर. मी पनिनाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमचे कान लाल झालेत."

"थंडी आहे."

"तुमचं काहीतरी चुकलंय. खरं सांगून टाका. असलं तिकीट घेऊन मी एलिझाबेथपुढे उभी राहायची नाही."

पण तिचा हात पदराचं टोक पिळत होता. ते बघून मला रडूच आलं असतं. मी पुढे झालो आणि सांगून टाकलं. बेसिक, बोलीभाषा, चिकाचा हलवा, न ढवळलेल्या चिठ्ठ्या, सगळं!

कोणालाही पटलं नाही. हिलेल म्हणाला, "बघा, चोरी पकडली तशी नवी थाप!" बत्यामावशी म्हणाल्या, "असू दे न ढवळलेल्या. पण वरती पनिनाचीच चिठ्ठी कोणी ठेवली, ते सांग!"

याचं उत्तर त्या दोन प्राध्यापकांकडेही नसेल.

"अबा, दाय! पुरे!" सारित पुढे आली. तिनं पिशवीतून ते जाडजूड पुस्तक काढलं, पातेल्याच्या गोल डागासकट. डागाच्या मधोमधच ती रीत छापलेली होती! यंत्राच्या पोटात घड्याळ असतं, ते बघून ढवळायला सांगायचं. मी ओळ घातली. बटण कधी दाबायचं ते बत्यामावशींवर सोपवलं. त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना म्हटली, मध्येच खोकल्या आणि खोकता खोकताच दाबलं.

पहिलं बक्षीस बत्या. दुसरं बक्षीस हिलेल.

हाइमनं कुकर पाठीमागे लपवला. पनिना हसली. खरंच हसली आणि म्हणाली, "मावशी, छान झालं. एलिझाबेथला माझे खजूर तेवढे न्याल ना?"

बत्यामावशींनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "मुंबईत माझं कोण उरलंय गं? माझी सगळी माणसं इथेच झोपलीयेत. आणि हिशेब साधा आहे. मला हनाबीनं एकदा हाक मारली, तुला तीनदा. तीन मोठे की एक?"

"हे नियमात बसत नाही!" हिलेल किंचाळला. त्याला कुकर हवा होता.

"हिलेल, तुझ्या सुंतेला, ब्रीत मिलाला, तू माझ्याच मांडीवर होतास. तेव्हाही अगदी असाच किंचाळत होतास! तिकीट माझं, मी पनिनाला दिलं. आणि हाइमला पण तीनदा बोलावलंय. कुकर राहू दे त्याच्याकडे."

तर पनिना गेली. ठाण्याहून ट्रंककॉल आला. लाइनवर खरखर होती, पण एवढं ऐकू आलं की एलिझाबेथनं तिला दारातच ओळखलं, आवाज ऐकायच्या आधी. पुढे दोघी इतक्या रडल्या की मिनिटं तशीच संपली.

आणि मी इथे एकटा! सारितची रजा संपली, पनिना परतायला अजून अवकाश आहे. अधूनमधून बायका येतात, डब्यापुढे नारळ ठेवतात. मी किती वेळा सांगितलं की बायांनो, हा नुसता चुकलेला प्रोग्राम आहे! त्या मान डोलावतात आणि उदबत्ती लावतात. ढवळायची ओळ नसलेली जुनी कॅसेट मात्र मी पुसलेली नाही. संध्याकाळी घर फार मोठं वाटायला लागतं. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारून झाल्या की मी ती लावतो. कितीही वेळा बंद करा, कितीही वेळा चालू करा, ते पहिल्यांदा तिचंच नाव घेतं. त्या बाबतीत आमचं दोघांचं अगदी जुळतं.

काल आमटी चुलीवर होती आणि सारं स्वयंपाकघर पालथं घालून झालं होतं. अखेर मी त्याच्यापुढे बसलो आणि टाइप केलं, 'मीठ कुठे ठेवलंय?'

त्यानं ताबडतोब उत्तर दिलं. सिंटॅक्स एरर.

आमटी अळणीच खाल्ली.