कर्णिककाकांच्या उघड्या बशा

कर्णिककाका घरी आलेल्या माणसाला "या, बसा" असं कधी म्हणत नसत. "हळू, झाकण उघडं आहे," असं म्हणत. झाकण म्हणजे टेबलावरच्या काचेच्या चपट्या बशीचं. त्या बशीत फिकट पिवळं, थलथलीत असं काहीतरी थिजवलेलं असे आणि हवेतल्या जंतूंनी त्याच्यावर येऊन बसावं म्हणून काका ती थोडा वेळ उघडी ठेवत. तेवढा वेळ पाहुण्यानं न बोलता, न खोकता दारात उभं राहायचं. त्या घरात जंतूंची सरबराई माणसांपेक्षा जास्त होते, असं आमचे बाबा म्हणायचे.

बडोद्याच्या निजामपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. काका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, पण कॉलेज सुटलं तरी त्यांचं शास्त्र काही सुटत नसे. खिडकीत, जिन्यात आणि मुख्य म्हणजे अगाशीत, म्हणजे गच्चीवर, त्यांच्या बशा मांडलेल्या असत. मग त्या झाकून, बल्ब लावलेल्या एका जुन्या ट्रंकेत उबेला ठेवायच्या. दोन दिवसांनी त्यांच्यावर ठिपके उगवत. बहुतेक पांढरे, काही पिवळे, क्वचित एखादा केशरी. काका ते भिंगातून बघत आणि आम्हांला परवाची हवा कशी होती ते सांगत. परवाची हवा आम्ही परवाच खाऊन बसलेलो असायचो, पण हे त्यांना सांगणार कोण?

एकदा कॉलेजातला माल संपला, तर काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून जेली थिजवायचं चायना ग्रास आणलं आणि काकूंच्या प्रेशर कुकरात मटणाच्या पाण्यात शिजवलं. त्या बशा अगाशीच्या कठड्यावर मांडून ते खाली चहाला गेले. पलीकडच्या अगाशीत हंसाबेन पापड वाळत घालत होत्या. त्या चुस्त, म्हणजे कट्टर शाकाहारी वैष्णव, मनानं फार मायाळू. कर्णिकांकडे जेली गार करायला ठेवलीय आणि तिच्यावर माशा बसतील, असं वाटून त्यांनी मधला कठडा ओलांडला आणि प्रत्येक बशीवर स्वतःच्या घरची स्टीलची ताटली झाकली.

काका वर आले आणि ओरडलेच, "हंसाबेन! तुमच्या दयेनं माझी अख्खी सकाळ बुडाली!"

"पण काका, आ जेली छे ने?"

"जेली कसली! मटणाचं पाणी आहे ते."

हंसाबेन तडक आंघोळीला गेल्या. त्या ताटल्या त्यांनी पुन्हा कधी मागितल्या नाहीत.

या सगळ्या खटाटोपामागे सुमतीकाकू होत्या. लहानपणच्या आजारानं त्यांची फुप्फुसं अधू झालेली. जरा कुठला संसर्ग झाला की तो छातीत उतरे आणि मग दवाखान्याची वारी. म्हणून त्यांच्या खोलीची खिडकी कधी उघडायची ते काका ठरवत, आणि काकांना ते बशा सांगत. वारा सुटला, धूळ उडाली, की जंतू वाढले. थंडीच्या सकाळी हवा हलत नाही, धूर खालीच राहतो, तेव्हा खिडकी बंद. संध्याकाळी रस्त्यावर गर्दी, आणि "माणूस म्हणजे चालतीबोलती जंतूंची पिशवी" हे काकांचं आवडतं वाक्य. तेव्हा संध्याकाळीही बंद. मग उघडायची कधी? तर भर मे महिन्यात, दुपारी, वारा पडलेला असताना. "उघड, उघड! उन्हानं सगळे मेलेत!" असं काका हर्षानं सांगत. किंवा तासभर धो धो पाऊस पडून गेल्यावर.

म्हणजे ज्या वेळी बडोद्यातलं कुत्रंही सावली सोडत नसे, त्या वेळी काकू खिडकीत बसून हवा खात. घामानं निथळत त्या माझ्या आईला म्हणायच्या, "वहिनी, संध्याकाळी जंतू फिरायला निघतात म्हणे. माझी पाळी दुपारची." काकूंनी भांडण असं कधी केलं नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती: एक उत्तरायण अगाशीत.

बडोद्यात राहून उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, खाली बसायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते बाहेरच्याला नाही समजायचं. सगळं गाव अगाशीत. पतंग, पिपाण्या, चिक्की, उंधियु-जिलबी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत "काप्यो छे!" लग्नाआधी काकू माहेरी, सावली नावाच्या गावात, भावाची फिरकी धरायच्या. भावापेक्षा जास्त पतंग मीच कापले, असं त्या आम्हांला सांगत. दर वर्षी त्या विचारत, "यंदा जाऊ का हो वर?" दर वर्षी काका आदल्या उत्तरायणची बशी कशी गच्च भरली होती ते सांगत. वारा, धूळ, माणसं, आरडाओरडा, सगळं एकदम! काकू मान हलवत आणि बंद काचेतून दिसेल तेवढं आभाळ बघत. आम्हांला काकांचा रागच यायचा. जंतूंच्या पायी बायकोला कोंडून घातलंय, असं आई उघड म्हणायची.

एका वर्षी दिवाळीनंतर काकू बरेच दिवस दवाखान्यात होत्या. परत आल्या त्या अगदी वाळून. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते आम्हांला कळलं नाही. पण त्यानंतर काकांनी दारात कुणाला थांबवलं नाही.

उत्तरायणला काकूंनी या खेपेस विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला, दुपार कलल्यावर मी पतंग चढवत होते, तर काकांच्या जिन्यातून आधी एक वेताची खुर्ची वर आली, मग खुर्चीखालचे काका. ती ठेवून ते खाली गेले आणि काकूंना हाताला धरून एकेक पायरी थांबत थांबत घेऊन आले. शाल, कानाला रुमाल, डोळे आभाळात. हंसाबेन पिपाणी तोंडातून काढून नुसत्या बघत राहिल्या.

मी कठडा ओलांडून गेले आणि माझ्या पतंगाची फिरकी मांज्यासकट काकूंच्या हातात दिली. माझं लक्ष कठड्याकडे गेलं. सवयीनं काकांनी एक बशी आणली होती, पण तिच्यावर झाकण तसंच होतं.

"काका, बशी उघडायची राहिली."

"नको," काका म्हणाले. "आजचं मला कळायला नको."

वारा मस्त होता. काकूंनी ढील दिली, मांजा सैल सोडला, पुन्हा धरला. हंसाबेनच्या मुलाचा लाल पतंग कापला गेला, तशा त्या अर्ध्या उठून, सगळा जीव एकवटून ओरडल्या, "काप्यो छे!" आणि मग खोकत सुटल्या. काका पाठीवर हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता खाली नेतील. पण त्यांनी जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोकला थांबला तसं ते म्हणाले, "सुमती, तो हिरवा बघ, डावीकडचा. येतोय तुझ्यावर."

होळीच्या आधीच काकू गेल्या.

मी लग्न होऊन पुण्याला आले. पुढे माहेरी जायची तेव्हा काकांकडे हटकून डोकवायची. काका निवृत्त झाले होते. बशा कॉलेजला देऊन टाकलेल्या, ट्रंकेत आता रजया होत्या. एकदा अशीच संध्याकाळी गेले. रस्ता खोदलेला, धुळीचे लोट उठत होते, आणि काकूंच्या खोलीची खिडकी सताड उघडी. पलंगावर, वेताच्या खुर्चीवर बोटभर धूळ. हंसाबेन भाकरी-शाक घेऊन आल्या होत्या, त्या खिडकीकडे वळल्या. "काका, केटली धूळ आवे छे! बंद करूं?"

"राहू द्या, हंसाबेन," काका म्हणाले. "फार वर्षं बंद ठेवली मी."

हंसाबेननी हात मागे घेतला. पदरानं ताट झाकलं आणि त्या तिथेच बसल्या. मीही बसले. अंधार पडेपर्यंत कुणी खिडकी लावली नाही.