रामलिंग सरांचे पाच प्रश्न

रामलिंग सरांच्या विद्यार्थ्यांना आता कुणीही फसवू शकत नाही, असं सर स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगायचे. दुर्दैव असं, की ते अगदी खरं निघालं.

नांदेडच्या त्यांच्या कॉलेजात शनिवारचा शेवटचा तास सरांचा. मोबाइलवर आलेलं खरं काय आणि खोटं काय, एवढाच विषय. त्यासाठी पाच प्रश्न त्यांनी पोरांकडून घोटून घेतले होते. नंबर ओळखीचा आहे का? तारीख आहे का? घाई कशाला करतोय? सगळ्यांना कळवा म्हणतोय का? दुसरीकडून खात्री होते का? दोन प्रश्नांत नापास झाला की मेसेज खोटा धरायचा, उलट फोन करायचा नाही, नंबर ब्लॉक. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची.

प्राचार्यांना मात्र त्या वेळेत इंग्रजी संभाषणाचा वर्ग हवा होता. लातूरच्या वादविवाद स्पर्धेतून एखादं बक्षीस आणा, नाहीतर पुढच्या वर्षी तास विसरा, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. सरांची जोडी अंतिम फेरीत होती, विषयही अफवांचाच. लुंबिनी मुद्देसूद बोलायची, शिवम समोरच्याला हसवून गार करायचा. तास वाचवायचा तर या दोघांनीच.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांचा मोबाइल हौदात पडला. सर तो तांदळाच्या डब्यात पुरत होते, तोच कॉलेजचा शिपाई निरोप घेऊन आला. फेरी बाराऐवजी साडेनऊला, म्हणजे जीप आठऐवजी सहाला निघायला हवी. सरांनी बायकोचा, उज्वलाताईंचा मोबाइल घेतला, हजेरीपटातून नंबर शोधले आणि दोघांना लिहिलं, 'अत्यंत तातडीचे! उद्या जीप आठला नाही, सहाला. गेटवर या. सर्वांना त्वरित कळवा. रामलिंग सर.' त्या नंबरावर फोटो होता गुलाबाच्या फुलाचा, खाली 'शुभ सकाळ'. एक फोन तरी करा, असं उज्वलाताई म्हणाल्या. माझ्या पोरांना एवढं पुरे, म्हणून सर निवांत झोपले.

सकाळी सहाला गेटवर जीप, ड्रायव्हर व्यंकटी आणि सर, एवढेच. दोघांचेही फोन लागेनात. सव्वासहाला सरांनी जीप थेट लुंबिनीच्या घरी नेली.

दार तिच्या वडिलांनी, साहेबरावांनी उघडलं. ते रेल्वेच्या कचेरीत नोकरीला होते आणि आत्ता तोंडात ब्रश होता.

"पोरगी झोपली हाय, सर. काल कुणीतरी तुमच्या नावानं खोटा मेसेज टाकला. लई हरामखोर लोक झालेत. पण आपल्या पोरीनं बरोबर पकडला!"

ते इतक्या अभिमानानं बोलत होते, की तो हरामखोर आपणच, हे सांगायला सरांना अंमळ वेळ लागला.

लुंबिनी डोळे चोळत आली आणि ऐकून पांढरीफटक पडली. अनोळखी नंबर, तारीख नाही, घाई, सर्वांना कळवा. खात्रीसाठी तिनं सरांचा नंबर लावला होता, तो बंद. "पाचही प्रश्नांत नापास झालात, सर," ती कळवळून म्हणाली.

शिवमला अंथरुणातून उचलून जीप सुटली. लातूरला सभागृहात शिरले तेव्हा त्यांच्या कॉलेजचं नाव शेवटचं पुकारलं जात होतं. धापा टाकत लुंबिनी माइकसमोर गेली. पाठ केलेली सुरुवात सोडून तिनं सकाळची हकिगत सांगितली. सभागृह खदखदून हसलं, सरांचे कान तापले. मग ती म्हणाली, "जीप दहाला निघेल असा मेसेज असता, तर आम्ही एकही प्रश्न विचारला नसता. आम्हाला झोपायचं होतं, म्हणून तो खोटा ठरला. सहावा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. हे खरं ठरलं तर सोय कुणाची, आणि खोटं ठरलं तर कुणाची?"

सहा वर्षं शिकवूनही सरांना हे सुचलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

दुसरं बक्षीस मिळालं. तास वाचला.

परतताना लोह्याजवळ चहाला थांबले, तेव्हा सरांच्या खिशातला उज्वलाताईंचा मोबाइल वाजला. 'प्राचार्य लिहितो. उद्या सोमवारी आपला जाहीर सत्कार. ही बातमी सर्वांना कळवा.' सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्याच दमात बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकूनही दिलं.

"सर," लुंबिनीनं हळूच विचारलं, "नंबर ओळखीचा आहे का?"

सरांनी पाहिलं. नव्हता. शिवम रस्त्यापलीकडच्या म्हशींकडे फारच लक्ष देऊन पाहत होता. त्याच्या मांडीवरचा दुसऱ्या सिमचा मोबाइल मात्र अजून उजळलेला होता.

सर रागावणार होते, पण कुठल्या तोंडानं? त्यांनी घाईघाईनं माहेरच्या ग्रुपवर लिहिलं, 'सत्काराची बातमी खोटी आहे. कृपया कुणीही येऊ नये. रामलिंग.' पाचही प्रश्न मनात म्हणून पाहिले, ओळखीचा नंबर होता, तारीखही टाकली.

माहूरहून सासऱ्यांचं, किशनरावांचं उत्तर जीप नांदेडात शिरता शिरता आलं.

'जावईबापू, सत्कार नाही म्हणून कुणीतरी अफवा पसरवून राहिलं. आम्ही भरोसा ठेवला न्हाई. शाल घेतली, गाडी केली, अकरा जण निघालो.'