डॉरथीबाईंची शेजारीण

झर्रकन झिप ओढल्याचा आवाज आला. शनिवारी सकाळी घर अजून गप्प होतं, एसीसुद्धा दम खात होता, त्यामुळे तो आवाज पाहुण्यांच्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात, मृणालिनीच्या चहाच्या आधणापर्यंत पोचला. सासूबाईंनी बॅग भरायला काढली होती.

उत्तराबाई आल्या होत्या सहा महिन्यांसाठी. निम्मेही झाले नव्हते, आणि काल जेवताना त्या मुलाला एवढंच म्हणाल्या होत्या, “चारू, अलीकडचं तिकीट बघ.” कारण नाही, तक्रार नाही. तक्रार असती तर मृणालिनीने तिचा फडशा पाडला असता.

कारण तसं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे, म्हणजे आबा, नागपूरला वारले तेव्हा चारुदत्तच्या व्हिसाचे कागद मध्येच अडकले होते. देश सोडलात तर परत याल याची खात्री नाही, असं वकील म्हणाला. कोणीच गेलं नाही. पुतण्याने अग्नी दिला आणि चारुदत्तने तो इथे टेक्ससमध्ये, फ्रिस्कोच्या दिवाणखान्यात, लॅपटॉपवर पाहिला. पुढे आई इथे आल्या, पण त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. भाजी निवडत राहिल्या.

“आज मी त्यांना गाव दाखवते,” शनिवार असूनही ऑफिसला निघालेल्या नवऱ्याला मृणालिनीने बजावलं. “संध्याकाळी त्या स्वतःहून म्हणतील, तिकीट राहू दे. नाही म्हणाल्या तर नाव बदलीन.”

“फ्रिस्कोत दाखवायला आहे काय? एक मॉल, त्याचं पार्किंग, आणि मग दुसरा मॉल.”

“इतिहास आहे.”

“कोणाचा?” असं विचारून चारुदत्त गेला.

सुरुवात बैलांपासून झाली. बागेत लांब शिंगांचे ब्राँझचे बैल उभे होते. “आई, पूर्वी इथून गुरांचे कळपच्या कळप उत्तरेला हाकत न्यायचे,” मृणालिनीने पाठ केलेलं सांगितलं. टेक्ससचं ऊन असं की सावलीलाही घाम फुटावा. उत्तराबाईंनी पदर डोक्यावर घेतला, एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसून काढला.

“पोळ्याला यांची शिंगं कोणी रंगवत नसेल.”

“नाही, आई.”

“हं.”

बैल संपले. व्हिडिओ गेमच्या म्युझियममध्ये त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि नात इला खेळून बाहेर येईपर्यंत तशाच राहिल्या, बँकेत पासबुक भरायला बसावं तशा. “कशाला एवढं करून राहिली तू,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग परवडला असता.

आता एकच आशा उरली होती: जुनी घरं, आगगाडीचा डबा आणि लाकडी चर्च जपून ठेवलेलं छोटं ‘जुनं गाव’. इलाच्या शाळेची सहल मागे अशाच एका ठिकाणी गेली होती. तिथे लांब झग्यातल्या बायका शंभर वर्षांपूर्वीच्या असल्यासारख्या वागायच्या, “वाटेत नदीला पाणी होतं का?” असं विचारायच्या, आणि पाहुण्यांनीही तसंच उत्तर द्यायचं. मदतनीस म्हणून गेलेल्या मृणालिनीने एवढं रंगून उत्तर दिलं होतं की इला लाजून बसमागे लपली होती.

त्यामुळे चर्चच्या दारात काळ्या कपड्यातली माणसं दिसताच मृणालिनी खूश झाली. “चला आई, प्रयोग सुरू होतोय.”

आत समोर एका म्हातारीचा मोठा फोटो होता. लांब झगा, डोक्याला टोपडं. अगदी त्या काळातली. दाराशी उभ्या असलेल्या उंच म्हाताऱ्याने मृणालिनीचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे लाल होते. काय अभिनय, ती मनात म्हणाली.

“मी वॉल्टर. आलात, बरं वाटलं. डॉरथीला तुम्ही कशा ओळखायचा?”

ही पाहुण्यांची परीक्षा. मृणालिनीने इंग्रजीत ठोकून दिलं, “आम्ही शेजारीच की, जुन्या लेबनन गावात. रेल्वे आली तेव्हा आमचं घर ओंडक्यांवरून ढकलत इथे आणलं ना, डॉरथीने मागून हात लावला होता.”

वॉल्टर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हसू की रडू अशा बेतात अडकला. “तिला हे फार आवडलं असतं,” तो म्हणाला आणि तिघींना थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

थोड्या वेळाने कोणीतरी विचारलं, डॉरथीबद्दल कोणाला बोलायचंय का? वॉल्टरने मृणालिनीकडे बोट दाखवलं. कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली बाई, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. समोरच्या चौथऱ्यावर चढून तिने गुरांपासून सुरुवात केली. इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वे इथे कशी थांबली, लेबननची माणसं घरंच उचलून रुळांकडे कशी निघाली. “घर सोडून जायची वेळ आली,” ती हात पसरून म्हणाली, “तर या लोकांनी घरच सोबत घेतलं. आणि सगळ्यात मागे, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, डॉरथी ढकलत होती.”

लोक आधी हसले, मग रुमाल निघाले. एवढा रसिक प्रेक्षक पुण्यातही मिळाला नव्हता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हुंदका आला.

उत्तराबाई रडत होत्या. पदर तोंडात धरून, खांदे हलवत, कुणाची पर्वा न करता. मृणालिनी धावत खाली आली. तोवर त्या उठून वॉल्टरजवळ बसल्या होत्या, त्याच्या पाठीवर हात ठेवून मराठीत विचारत होत्या, “फार दिवस आजारी होत्या का हो?” आणि तो इंग्रजीत, मान हलवत, सगळं सांगत होता.

“आई,” मृणालिनी कानाशी कुजबुजली, “अहो, नाटक आहे हे.”

“मग फोटोखाली ठेवलंय ते काय आहे?”

फोटोखाली पांढऱ्या फुलांत झाकणाचं एक भांडं होतं. मृणालिनीने तो अस्थिकलश फुलदाण्यांत मोजला होता.

वॉल्टर तिच्याकडे वळला. “इथे शाळेची मुलं यायची ना, त्यांना डॉरथीच हा झगा घालून ती घरांची गोष्ट सांगायची. तुम्ही ऐकलेली दिसते. पोटाचं मात्र ती कधी म्हणाली नाही. आम्हाला मूल नव्हतं.”

खरं सांगून माफी मागायला मृणालिनीने तोंड उघडलं, तर सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला.

“गप्प बस. सांगून तुझं ओझं हलकं होईल, त्याचं वाढेल. आणि निघताना येतो म्हणू नकोस. अशा घरून निरोप न घेता निघायचं.”

दाराजवळच्या खाऊच्या टेबलापाशी इलाचा तोवर तिसरा ब्राउनी चालू होता. तिला उचलून मृणालिनी मान खाली घालून निघाली. दाराशी वॉल्टरने हात पुढे केला आणि सहा वर्षांच्या अमेरिकन सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “सी यू सून.”

गाडी हायवेला लागली. मग उत्तराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “घरी गेल्यावर आधी सगळ्यांनी आंघोळ करायची.”

“हो.”

“हे गेले तेव्हा मला रडायला सवडच नव्हती गं. फोन कोणी धरायचा, यावरच चाललं होतं. नेटवर्क जात होतं. एकजण सारखा विचारत होता, दिसतंय का, दिसतंय का. मी म्हटलं, आधी तुम्हा लोकांना दिसू दे.”

मृणालिनीला गाडी कडेला घ्यावीशी वाटली. त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. तिकिटाचं विचारायचं तर आत्ताच. तिने घसा साफ केला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून, चॉकलेटने माखलेल्या तोंडाने, इलाने विचारलं, “आई, त्या आजींना तर आपण ओळखतपण नव्हतो. तरी त्यांच्या बाय-बायला गेलो. मग आबांच्या का नाही गेलो?”