चौथी सीडी

घड्याळजींनी एकदा मनावर घेतलं की ते काम झालंच म्हणून समजा. निदान त्यांचं तरी तसं म्हणणं होतं. "चहा होईपर्यंत तुझा कॉम्प्युटर सुरू करून देतो," ते बायकोला म्हणाले.

त्या कॉम्प्युटरमध्ये तिची बारा वर्षांची स्वप्नं होती. रोज उठल्याउठल्या, तोंडही न धुता, ती रात्री पडलेलं स्वप्न टाइप करून ठेवायची. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि परवापासून काळ्या पडद्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

उपाय सोपा होता. लॅपटॉपवर लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीची फाईल उतरवायची, ती सीडीवर राइट करायची, त्या सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा आणि स्वप्नं बाहेर काढायची. घड्याळजींनी फाईल उचलून सीडीवर टाकली. रेघ लुकलुकतच राहिली. त्यांनी सीडी घड्याळाच्या ब्रशने पुसली. ब्रशने पुसून कॉम्प्युटर सुरू झाल्याचं अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही. मग दुसरी सीडी केली, तिसरी केली. चहावर साय धरली.

बायकोने वाया गेलेल्या सीड्या दोऱ्यात ओवून खिडकीत टांगल्या, तेवढीच कबुतरं तरी लांब राहतील. वारा आला की छतावर रंगीत कवडसे पोहायला लागायचे. आरामखुर्चीत पडून ती ते बघत राहिली. "छान दिसतंय नाही?" ती म्हणाली, पण डोळे भरून आले होते.

ते बघून घड्याळजींनी निमूटपणे मेहुणीला फोन लावला. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"भावोजी, सीडीवर किती फायली दिसतात?"

"एकच. आली तशी ठेवलीय. आपण कशाला उघडा?"

"अहो, ती उलगडून राइट करायची असते. तुम्ही सामानाचं खोकं न उघडताच कपाटात ठेवलंत. 'राइट इमेज' असं कुठे दिसतं का?"

दिसत होतं. तिन्ही वेळा दिसलं होतं. पण गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला चाळीस वर्षांचा नियम. तो हाडीमांसी भिनला होता.

चौथी सीडी सावकाश राइट झाली. कॉम्प्युटर घुरघुरला, पडदा निळा झाला आणि स्वप्नांची फाईल सापडली. घड्याळजींनी आधी ती पेनड्राइव्हवर घेतली, मग ऐटीत हाक मारली. "ये, शेवटचं पान वाचून बघ. सगळं जागच्या जागी आहे."

तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "आज स्वप्नात ह्यांनी एक वस्तू पहिल्या फटक्यात दुरुस्त केली."

घड्याळजींची छाती फुगली. "पुढे?"

"तेव्हाच ओळखलं, हे स्वप्न आहे."