साहेबांच्या मापाचा पोशाख

जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीला खुर्च्या पुरत नव्हत्या, पण सामानाची यादी मात्र वेळेवर आली. ती कुठल्याशा समुद्रकाठच्या जिल्ह्यावरून जशीच्या तशी उतरवलेली असावी. कारण आपत्ती शाखेच्या वाट्याला त्यात आला होता 'थंड पाण्यात बुडी मारण्याचा पोशाख, नग एक'. बाहेर दुष्काळाचं दुसरं वर्ष. तरी शाखाप्रमुख भगवानराव डगमगले नाहीत. अनुदान परत जाणं म्हणजे त्यांना मांडवातून वरात परत गेल्यासारखं वाटे.

त्यांनी केरबाला बोलावलं. केरबा रोजंदारीवरचा बुडी मारणारा. विहिरींचं पाणी साठ-सत्तर फुटांवर गेलेलं, मोटरी खाली खाली सोडाव्या लागत, दोर तुटून त्या तळाला जात. मग केरबा लंगोटावर उतरून त्यांना आकडा लावी. वर ऊन भाजत असलं तरी तळाचं पाणी हाडांत शिरे. मागं छाती भरून तो महिनाभर पडला होता. तेव्हाच त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, बजावलं होतं, "आता एकडाव खोकलाव, तर हिरीचं नाव काढायचं न्हाई." आणि विहिरीशिवाय केरबाला दुसरं काही येत नव्हतं.

मुंबईच्या विक्रेत्यानं टेबलावर दोन पोशाख मांडले. "हा ओला पोशाख. कातडीसारखा घट्ट. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेनं गरम होतं. हा कोरडा. आत थेंब शिरत नाही. जरा सैल असतो, आतून गरम कपडे घालायचे."

केरबानं पहिला चाचपला. "ह्योच द्या, सायब. आंगासरशी हाय."

"फक्त माप नेमकं हवं," विक्रेता म्हणाला. "सैल झाला तर गार पाणी आतून वाहत राहील. काही उपयोग नाही."

भगवानरावांनी फॉर्म चाळला. "इथं जबाबदार कर्मचाऱ्याचं माप मागितलंय. केरबा, तू आस्थापनेवर कुठंयस?"

"पर पान्यात तर मीच जानार!"

"पाण्यात तू जा. कागदात मला जावं लागेल." भगवानराव उभे राहिले, हात पसरले आणि श्वास सोडला. पोटाला वळसा घालून परत यायला टेपला बराच वेळ लागला. केरबा त्या पोटात दोनदा मावला असता.

त्यानं दुसऱ्या पोशाखाकडं बोट केलं. "मंग त्यो सैलवाला घ्या. मोकळी जागा मी भरतो."

पोशाख आला, त्या आठवड्यात देवणीच्या वाटेवरच्या एका गावात मोटर पडली. तीन दिवस गावात पाणी नव्हतं. भगवानराव स्वतः प्रात्यक्षिकाला आले. सरजाबाईनं पोशाखात आधी नवरा घातला, मग त्याच्याभोवती दोन स्वेटर आणि एक जुनी वाकळ कोंबली. मानेला, मनगटांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळले. केरबा दोरानं खाली गेला, पाण्याला टेकला आणि तिथंच राहिला.

"बुडी मार!" साहेब वरून ओरडले.

"मारायलोय की!" वाकळीतली हवा त्याला रिकाम्या घागरीसारखी वर धरून होती. डोकं खाली घातलं की पाय वर येत, पाय दाबले की पोट वर.

काठावरची म्हातारी नागुबाई वाकून बघत होती. "केरबा, मोटर खाली हाय रं बाबा, आभाळात न्हाई!"

"ठावं हाय, मावशे! चाळीस साल बुडलो, आजच जमंना!"

सरजाबाईला वेगळीच काळजी. "थंडी वाजती का वो?"

खालून लाजल्यासारखा आवाज आला, "न्हाई गं. लई ऊब हाय."

पण बायांच्या घागरी रिकाम्या होत्या. केरबाला वर ओढलं. त्यानं पोशाख उतरवला, लंगोट आवळला.

"अवो, छाती..."

"गाव तहानलंय, सरजे. ह्ये उनात पसरून ठेव. आलोच म्या."

तिसऱ्या बुडीला आकडा लागला. केरबा वर आला तेव्हा ओठ निळे पडले होते, दात वाजत होते. सरजाबाईनं त्याला तापलेल्या पोशाखात वाकळीसकट कोंबलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. घटकाभरात थरथर थांबली. नागुबाईनं त्याला बशीनं चहा पाजला, कारण आतून हात बाहेर काढायला तो तयार नव्हता.

पुढं उन्हाळाभर हीच रीत पडली. केरबा लंगोटावर बुडायचा, पोशाख काठावर तापत पडायचा. तो एकदाही खोकला नाही.

वर्षअखेरीस भगवानरावांनी अहवाल पाठवला : 'पोशाख अकरा विहिरींवर वापरला. कर्मचाऱ्याची प्रकृती उत्तम. पोशाख अद्याप एकदाही पाण्याखाली गेलेला नाही. आणखी एक मिळावा.'