आवाज चढला की जमलं

उप्पिटाची दुसरी बशी पुढं करता करता संगमेश सरांनी पाहुण्यांचा एक शब्द दुरुस्त केला आणि जुळत आलेलं लग्न तिथंच अडकलं.

पाहुणे म्हणजे बसाप्पा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांचं मिरची कांडपाचं दुकान होतं. सगळा जन्म कांडपयंत्राच्या, म्हणजे डंक्याच्या दणदणाटात गेल्यामुळं ते नुसतं पाणी मागायचे तरी पलीकडच्या गल्लीला ऐकू जायचं. त्यांचा मुलगा शशिधर आणि सरांची मुलगी शांभवी यांचं आपापसांत केव्हाच ठरलं होतं. उरले होते दोघांचे बाप. त्यांच्यासाठीच आज राजारामपुरीतल्या सरांच्या फ्लॅटमध्ये ही बैठक होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर ताटात नारळ, साखर, सुपारी आणि अडकित्ता मांडून वर नवा खण झाकला होता. बोलणं मनासारखं झालं की खण काढायचा, सुपारी फोडायची आणि साखर वाटायची. सुपारी फुटली की लग्न पक्कं. न फोडता पाहुणे उठले, तर पुन्हा कुणी तो विषय काढायचा नाही.

शांभवी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. राजारामपुरीतच एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांच्या आखडलेल्या माना सैल करण्यात तिचा हातखंडा होता, पण आज तिची स्वतःची मान दाराच्या चौकटीत आखडून गेली होती.

तोवर सगळं छान चाललं होतं. घरून निघताना शशिधरच्या आईनं नवऱ्याला बजावलं होतं, "इंग्रजीचं सर हाईत ते. बोलण्यात चार शब्द इंग्रजी घाला. अडाणी वाटाय नको." बसाप्पांनी ते मनावर घेतलं होतं. उप्पिटाचा घास गिळून ते ऐटीत म्हणाले,

"राजारामपुरी मला नवी न्हाय सर. मी हिकडं ऑफ्टन येतो."

"ऑफन," सर म्हणाले.

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. गारगोटीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवल्यावर असं तोंडातून आपोआप निघतं.

"काय?"

"ऑफन म्हणायचं. त्यातला टी सायलेंट असतो."

"सायलेंट म्हंजे?"

"म्हणजे लिहायचा, पण बोलायचा नाही."

बसाप्पांनी बशी खाली ठेवली. "बोलायचा न्हाय, तर लिवायचा कशाला?"

"अहो, तशी पद्धत आहे."

"असली कसली पद्धत? आमच्यात मापात घातलं की पिशवीत पडलंच पायजे. मापात हाय आणि पिशवीत न्हाय, ह्येला आमी काटा मारणं म्हणतो."

शशिधरची आई हळूच म्हणाली, "अवो, सर सांगायलेत तर ऐका की. ते तुमच्या दुकानात येऊन मिरची कांडायला शिकवतात का?"

"थांब की. ह्यात हिशोबाचं हाय."

हॉलमध्येच सर दहावीच्या शिकवण्या घ्यायचे, त्यामुळं भिंतीवर पांढरा फळा होता. पाहुण्यांना सोप्या करून चार गोष्टी सांगाव्यात म्हणून सर उठले. शांभवीला हे दिसलं आणि तिनं ट्रे तिथंच ओट्यावर ठेवला. हातात मार्कर आला की अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, तास सुरू होतो आणि घंटा झाल्याशिवाय संपत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. घरात घंटा नव्हती.

सरांनी फळ्यावर 'नाइफ' लिहिलं, स्पेलिंगसकट.

"ह्यो के कशाला पुढं?" बसाप्पा उठून जवळ आले. "सुरीची मूठ हाय काय?"

"पूर्वी त्याचा उच्चार व्हायचा. आता होत नाही."

सरांनी 'आयलंड' लिहिलं.

"आणि ह्यो एस बेटावर काय करायलाय? हवा पालटाय गेलाय?"

"अण्णा, भाषेला इतिहास असतो. हा एस मागाहून कुणीतरी घुसडला; बाकीच्या अक्षरांचे आवाज गेले, खुणा तेवढ्या राहिल्या."

"भाडेकरू गेला तर दारावरची पाटी काढतो का न्हाय आपण?"

"सगळेच काढत नाहीत," सर म्हणाले. "माणूस गेलं म्हणून कुणी लगेच पाटी काढतं का?"

बसाप्पांनी मान हलवली. "त्येबी खरंच." मग पुन्हा आवाज चढला, "पण टपाल तरी त्याच्या नावानं घिऊ नका की!"

"टपाल घेतच नाही आम्ही! म्हणून तर बोलत नाही!"

"मग लिवता कशाला!"

गाडी पुन्हा मूळ जागी आली. आता दोघंही ओरडत होते. एकाचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायच्या सवयीचा, दुसऱ्याचा डंक्यावर मात करायच्या सवयीचा. शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या किणकिणायला लागल्या.

समोरच्या फ्लॅटमधल्या चिमणाबाई पदर खोचतच आत आल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथं शांभवीची आई, नीलम्मा, डोळ्याला पदर लावून बसली होती.

"आवाज चढला न्हवं? जमलं म्हणायचं," चिमणाबाई खुशीत म्हणाल्या. "मी साखर आणू का आणखी?"

"कशाचं जमतंय वैनी! भांडायलेत ते."

"मग भांडूदेत की. अगं, कोल्हापुरात माणूस वरडाय लागला म्हंजे त्यानं तुला आपलं म्हटलं. माझ्या थोरल्या दिराचं आणि सोसायटीच्या चेअरमनचं बोलणं बंद झालं, तवापासून दोघं एकमेकाला काय म्हणतात? 'नमस्कार, आपण कसे आहात?' आपण, म्हणं! अंगावर काटा येतोय ऐकून."

नीलम्माला ते पटलं नाही. शांभवीलाही नाही. तेवढ्यात पाणी प्यायच्या निमित्तानं शशिधर आत आला.

"शांभवी, काहीतरी कर. बाबांनी आता मार्कर स्वतःच्या हातात घेतलाय."

"फोनवर उच्चार ऐकवूया," शांभवी म्हणाली. "यंत्र सांगेल ते दोघं ऐकतील. अप्पांचंच बरोबर निघेल. तुझ्या बाबांना वाईट नाही ना वाटणार?"

"बाबांना? त्यांना मी रोज चूक ठरवतो. जेवण जातं त्यांना त्याशिवाय?"

दोघं बाहेर आले. शशिधरनं दोन्ही हात वर करून पंचासारखी शांतता मागितली आणि फोनवर शब्द लावला. फोनमधल्या एका बाईनं अगदी सावकाश, स्पष्ट उच्चार केला, "ऑफन."

"बघा!" सर म्हणाले.

लगेच दुसऱ्या बाईनं तितक्याच स्पष्टपणे म्हटलं, "ऑफ्टन."

"आं?" बसाप्पा म्हणाले.

शशिधरनं खालचं वाचलं. "दोन्ही उच्चार बरोबर आहेत, असं दिलंय. जगभर दोन्ही चालतात."

शांभवीनं सुटकेचा श्वास सोडला. कुणीच हरलं नव्हतं. याहून चांगलं काय व्हायचं? चहा गरम करून आणावा म्हणून ती वळली आणि मग तिच्या लक्षात आलं, की हॉलमध्ये काहीच ऐकू येत नाही. शोकेसमधल्या बाहुल्यासुद्धा गप्प झाल्या होत्या.

"आपलंही बरोबर आहे," सर हळू आवाजात म्हणाले.

"न्हाय न्हाय. आपलंच बरोबर हाय," बसाप्पा म्हणाले.

"बसावं आपण."

"आपण बसा."

दोघं बसले. बसाप्पांनी गुडघ्यावर हात ठेवले. सरांनी पंख्याकडं बघितलं. कुस्ती रंगात आलेली असताना मैदानात वीज जावी, तशी दोघांची तोंडं झाली होती. हवेबद्दल दोन वाक्यं झाली. पन्हाळ्यावर आता फार गर्दी असते, यावर दोघांचं एकमत झालं. मग पुढं कुणालाच काही सुचेना. बसाप्पांच्या आवाजाला इतका मऊपणा शशिधरनं जन्मात कधी ऐकला नव्हता. तो पांढराफटक पडला.

चिमणाबाईंनी शांभवीचं मनगट धरलं. "अगं बाई, मोडलं!"

"बराय," बसाप्पा उठत म्हणाले. "आपली भेट झाली, आनंद वाटला. आमी विचार करून कळवतो."

विचार करून कळवतो! कोल्हापुरात जे काय कळवायचं असतं ते तोंडावर, आणि बहुतेक वेळा विचार न करताच कळवतात. बसाप्पा दारापर्यंत गेले. एक पाय चपलेत गेला. शशिधरची आई एकदा नवऱ्याकडं, एकदा खण झाकलेल्या ताटाकडं बघत मागं रेंगाळली. सर दोन्ही हात जोडून "येत राहावं आपण" म्हणत होते आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या पोरासारखा झाला होता.

शांभवीनं फळ्यापुढचा मार्कर उचलला. सगळ्या फळ्यावर सुऱ्या आणि बेटं झाली होती. खाली एक मोकळी जागा होती, तिथं तिनं मोठ्या अक्षरांत एक इंग्रजी शब्द लिहिला.

"मामा," ती म्हणाली.

बसाप्पांसाठी ही हाक त्या घरात पहिल्यांदाच उच्चारली गेली होती. सासऱ्याला मामा म्हणतात, आणि बसाप्पा अजून तिचे सासरे झाले नव्हते. सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिचे कान तापले, पण ती मागं हटली नाही.

"जाता जाता एवढं एक वाचून दाखवा."

बसाप्पांनी एका चपलेवर उभं राहून डोळे बारीक केले. "को... लो... नेल. कोलोनेल. कोण हाय ह्यो? कुणाचं पावणं?"

सरांनी जोडलेले हात सोडले. "कर्नल," ते म्हणाले.

"काय?"

"फौजेतला कर्नल. असंच लिहितात त्याला."

"ह्येला?" बसाप्पांनी दारातूनच बोट रोखलं. "ह्यात आर दाखवा मला. कुठाय आर?"

"लिहायचा नाही. बोलायचा."

बसाप्पांनी चप्पल झटकली. ती जिन्यापर्यंत गेली. ते तरातरा फळ्यापाशी आले. "मघाशी म्हणलासा, लिवलेलं बोलायचं न्हाय. आता म्हणता, न लिवलेलं बोलायचं! काय चाललंय काय, सर? दुकान हाय का जादूचा खेळ?"

"शब्द एका भाषेतून आला, उच्चार दुसऱ्या भाषेतून! मी सांगतो, आधी ऐकून घ्या!"

"तुमी काय सांगताय? फौजेत हजेरी घेताना काय होत असंल? कागदावर एक आणि हाळी दुसऱ्यालाच!"

"अहो अण्णा, तुम्ही मिरच्या कांडा, शब्द कांडू नका!"

"आणि तुमी पोरं शिकवताय का पोरांस्नी फशिवताय?"

बाहुल्या किणकिणल्या. चिमणाबाईंनी एका झेपेत स्टूल गाठलं आणि खण बाजूला केला. "नीलम्मा, फोडून घ्या सुपारी. आवाज हाय तवर फोडा!"

शशिधरच्या आईनं नवऱ्याच्या हातात अडकित्ता दिला. बसाप्पांची नजर फळ्यावरून हलली नव्हती. "एल दोन हाईत. दोन! त्यातला एक काढून आर घातला असता तर काय बिघडलं असतं?" असं म्हणत त्यांनी कचकन सुपारी फोडली. निम्मी सुपारी सरांच्या हातात गेली. सरांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाले, "बदलायचा अधिकार मला नाही अण्णा! असता तर तिसरीतच बदललं असतं!" नीलम्मानं दोघांच्या तोंडात साखर घातली. साखर चघळतसुद्धा दोघं बोलतच होते. शशिधर आणि शांभवी पाया पडले, तेव्हा आशीर्वाद देण्यापुरतं दोघांनी डोक्यावर हात ठेवले आणि "सुखी राहा" म्हणून लगेच पुन्हा फळ्याकडं वळले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सर फळा पुसत होते.

"अप्पा," शांभवी म्हणाली, "ऑफ्टनसुद्धा चालतं, हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

सरांनी डस्टर झटकलं. "जन्म गेला माझा इंग्रजी शिकवण्यात. मला माहीत नसेल?"

नीलम्मा भांडी आवरता आवरता थांबली. "मग एवढा घसा कशाला फोडलासा वो?"

"पहिल्यांदा तोंडातून गेलं ते सवयीनं गेलं. मग म्हटलं, आता सोडायचं नाही. चहा पिताना काय, सगळेच गोड असतात. हा माणूस चिडल्यावर कसा होतो, ते बघायचं होतं मला. बायको मध्ये बोलली, पोरगं चूक काढायला निघालं, पण कुणावर डोळे वटारले का? चिडला तो सगळा फळ्यावर. त्या घरात हिला तोंड उघडता येईल."

"आणि मोडलं असतं म्हंजे?"

सरांनी फळ्याचा कोपरा उगाचच दोनदा पुसला. "तिथं मात्र मी घाबरलो. फोननं सगळं बोलणंच काढून घेतलं माझं. पुढं काय करावं सुचेना. हिनं कर्नल आणला म्हणून निभावलं."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"सर! डंक्याच्या हवेच्या पंपाचं खोकं आलंय! वर लिवलंय प-न्यू-मॅटिक! आता ह्यातलं काय काय खोटं हाय, सांगा!"

"पहिलंच अक्षर!" सर गॅलरीकडं जाता जाता ओरडले. त्यांची पावलं एखाद्या पोरासारखी पडत होती. "थांबा, नीट सांगतो. नाही, तसं नाही. चूक! साफ चूक!"

"लगीन लागंस्तवर ह्यांचं असंच चालायचं आता," नीलम्मा म्हणाली. "जा, ते गॅलरीचं दार लाव जा. डास येत्यात."

शांभवी दारापाशी गेली. बाहेर अंधारात अप्पांचा हात जोरजोरानं हवेत फिरत होता, जणू समोर फळाच होता. ती दार उघडंच ठेवून आत आली.