भाजलेली सरकारी बाजरी

कुरवंड्यात शेती कळते ती एका झुंबरबाईला, बाकीचे नुसते बैल हाकतात! हे तिचं स्वतःचंच मत, आणि ते खोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

तिचा लेक कोंडाजी शेतकी खात्यात कच्च्या नोकरीवर. वैशाखात त्यानं राजपुतान्याच्या वाळवंटातली वाळू आणि तिथलीच मूठभर बाजरी आणली. अंगणात वाफा करून पेरली, एकदाच पाणी शिंपडलं आणि बजावलं, "आये, आता पाण्याचा थेंब न्हाई, हात लावायचा न्हाई! पीक आलं तर नोकरी पक्की. न्हाईतर मी घरी!"

आणि गेला पुण्याला.

झुंबरबाई वाफ्याकडं बघून हळहळली. राब न भाजता, जमीन न शेकताच पेरणी? शिकून पोरगं वाया गेलं! तिनं वाळूवर शेणी रचल्या, पालापाचोळा पसरला आणि दिली काडी लावून.

फट्! फट्! फटाफट!

"आत्याबाई," सून शालू किंचाळली, "बाजरीच्या लाह्या फुटत्यात वो!"

वाफा कसला, भडभुंज्याची भट्टीच ती! झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. बी सरकारी! लेकाची नोकरी जाणार, वर आपल्या हातात बेडी!

"ब्र काढशील तर बघ, भवाने!"

वडगावच्या बाजारातली भाकरीची बाजरी तिनं गुपचूप वाफ्यात पेरली. कोंडाजी परतला, त्याची पाठ फिरली की ही घागर ओतायची. भीती तर अशी, की खाकीतला टपालवाला दिसताच ती कणगीमागं दडली आणि तिथनंच ओरडली, "घरात कुणी न्हाई!"

पाऊस लागायच्या आत शेतकी खात्याचे गंगाधरसाहेब तपासणीला आले. बाजरी गुडघ्याला लागलेली! साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"बाई, पेरल्यानंतर पाणी घातलंत?"

झुंबरबाईनं शालूला पुढं ओढलं. "थेंब न्हाई, सायब! ह्या सुनंच्या गळ्याची आण!"

शालूनं घाईघाईनं गळा चाचपला.

"शाबास!" साहेब हरखले. "कोंडाजी, नोकरी पक्की! आता हाच प्रयोग राजपुतान्यात, खऱ्या वाळवंटात. आईंनाही घेऊन जायचं. असा हात खात्यात कुणाचा नाही!"

"तितं... हीर हाय का जवळ?" झुंबरबाईचा आवाज पार खोल गेला.

"दोन कोसांवर! पण तुम्हाला पाणी लागतं कुठं?"

शालूचा चेहरा मात्र बाजरीहून तरारला.

"आत्याबाई, तुमचं गाठोडं आत्ताच बांधू का वो?"